दादाराव पाटलांची जीप ओढत नाही

चाकच फिरत नसेल तर टायर बदलून उपयोग नसतो. हे ज्ञान मला टायर बदलून झाल्यावर झालं. आणि टायरही माझे नव्हते, दादाराव पाटलांचे होते.

साठ सालानंतरची गोष्ट. पोळा नुकताच होऊन गेला होता. बाभुळगावच्या पुढं पाटलांचं गाव. गावाच्या अलीकडं नाला, नाल्यातून वर यायला दोन्ही अंगांनी उभा चढ, आणि सगळी काळी माती. पाटलांनी मिलिटरीच्या जुन्या मालातली एक जीप घेतली होती. ती या चढावर अर्ध्यात येऊन थांबायची. इंजिन गर्जना करायचं आणि गाडी जागची हलायची नाही. पाटलांनी मला यवतमाळहून बोलावून नेलं, पुढं आपल्याशेजारी बसवलं आणि प्रत्यक्ष चढावर नेऊन दाखवलं. जीप थांबली, इंजिन ओरडू लागलं. बाहेर पाऊस लागलेला. माझ्या अंगावर निळीतून काढलेला पांढराशुभ्र पायजमा, कारण पाटलांकडं जेवायला बोलावणं होतं आणि मी कामापेक्षा जेवणाच्या तयारीनं गेलो होतो. खाली उतरून चाकं पाहायची, एवढंच काय ते मेकॅनिकचं काम होतं. मी आतूनच मान बाहेर काढली, चिखलाकडं पाहिलं, डॉक्टर हलवतात तशी मान हलवली आणि म्हणालो, "पाटील, टायर गुळगुळीत झाले. माती धरत नाहीत."

पाटलांनी टायर बदलले. खोल नक्षीचे, नवे कोरे, पाहत राहावेत असे. आणि नव्या टायरांसकट जीप त्याच चढावर, त्याच जागी उभी राहिली.

ती माझ्या वर्कशॉपवर घेऊन आला पाटलांचा ड्रायव्हर कादर. सडपातळ, डोळ्यांत नेहमी थोडं हसू. गाडी आत घेतली आणि म्हणाला, "मिस्त्रीभाऊ, टायर एक नंबर बसले. उभी गाडी लई झकास दिसते."

मी बॉनेट उघडलं. दुसरं काय करणार?

आता थोडं माझ्याविषयी. आमचं घराणं कचेरीतलं. आजोबा कोर्टात, वडील तहसिलीत, थोरले काका जमिनीच्या मोजणीत. सगळ्यांची बोटं शाईची. माझीच तेवढी ग्रीसची. काका पाहुण्यांना सांगत, "हा यंत्रांच्या खात्यात आहे." खातं म्हणजे दारव्हा रोडवरची टिनाची शेड आणि गाडीखाली शिरायचा खड्डा. मी खड्ड्यात उतरलो की मला खात्यात बढती मिळाली असं वाटायचं.

आणि थोडं या धंद्याविषयी. 'गाडी ओढत नाही' ही तक्रार म्हणजे डॉक्टरकडं जाऊन 'बरं वाटत नाही' म्हणण्यासारखी आहे. त्यात कमीत कमी तीन दुखणी लपलेली असतात. पहिलं, इंजिनातच दम नाही. नेरच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याची मोटार अशीच काही मैल गेली की मरायची. मी तिच्या इंजिनाचं सगळं पोट उघडून पाहिलं. शेवटी निघालं काय? पेट्रोलच्या टाकीचं झाकण हरवलं म्हणून शेटजींनी बाभळीचं बूच करून घट्ट ठोकलं होतं. टाकीत हवा जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. दुसरं दुखणं, इंजिन जोरात, चाकंही जोरात, पण जमीन धरत नाही. चाक एका जागी गरगर फिरतं आणि चिखल मागच्या माणसाच्या तोंडावर. आणि तिसरं, इंजिन जोरात आहे, पण तो जोर चाकांपर्यंत पोचतच नाही. चाकं शांत उभी.

इंजिनाचा जोर चाकांकडं जातो तो क्लचमधून. दोन तापल्या तव्यांमध्ये एक भाकर दाबून धरावी तशी क्लचची चकती असते. दाब घट्ट असला तर एक तवा फिरला की भाकर फिरते, आणि तिच्यामागं गाडी चालते. भाकर सटकली की तवा नुसता फिरतो. चकती झिजली तर ती सटकते, आणि चकती लवकर झिजते ती ड्रायव्हरला पाय क्लचच्या पायट्यावर ठेवून बसायची सवय असली म्हणजे. जसं कुणी दाराची कडी पूर्ण लावतच नाही, तसं.

क्लच सटकतो की नाही हे पाहायची एक साधी रीत आहे. हँडब्रेक गच्च ओढायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. इंजिन धाडकन बंद पडलं तर क्लच चांगला. इंजिन चालूच राहिलं तर क्लच गेला.

हातातलं काम संपवून मी तासाभरानं कादरसमोर ही परीक्षा घेतली. इंजिन धाडकन बंद पडलं. पुन्हा घेतली. पुन्हा बंद.

"क्लच पास," मी जाहीर केलं.

कादरनं असा श्वास सोडला की मला नवल वाटलं. मग त्यानं सांगितलं. पाटलांना नागपुरात कुणीतरी पढवलं होतं की जीप ओढत नसेल तर क्लच गेला समजा, आणि क्लच गेला तर ड्रायव्हरनं घालवला समजा. पाटलांनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, की मिस्त्रीनं क्लच म्हटलं की तू चालता हो.

"भाऊ, मी पाय ठेवत नाई क्लचवर. खुदा की कसम," कादर म्हणाला. "नोकरी गेली त खोली बी गेली. मालकाच्या गोठ्यालगत राहून राह्यलो आमी. पोराले आत्ताच तिथल्या शाळेत टाकलं. कुठी जाऊ मी बिऱ्हाड घेऊन?"

"पण क्लच चांगला आहे ना," मी म्हणालो. "मग काळजी कसली?"

जीपमध्ये मागं एक म्हातारा गडी बसून होता, तो खाली उतरला नव्हता. धक्का द्यायला आणलेला माणूस, असं मी समजलो. किसना त्याचं नाव. पाटलांची रेंगी, म्हणजे गादी घातलेली हलकी बैलगाडी, ती बरीच वर्षं हाच हाकायचा. जीप आली तेव्हा रेंगी आणि तिची बैलजोडी पाटलांनी विकून टाकली. किसनाला ठेवलं. रोज सकाळी जीप धुवायची, एवढं काम उरलं होतं. तो मागं बसून शांतपणे चिलीम भरत होता.

क्लच चांगला, इंजिनात दम आहे, टायर नवे. मग उरलं काय? मी मागच्या बाजूला वळलो. जीपचा मागचा आस आणि त्यातले दात सगळे खोलून काढले, धुतले, उन्हात मांडले. एकही दात तुटलेला नाही. पुन्हा बसवले. बसवताना एक वायसर उरलं. ते कशाचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

जीप गेली आणि परत आली. या वेळी पाटील स्वतः बरोबर. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, आवाज शेतातून शेतात जाणारा.

"मिस्त्री, सकाळी निंगतो तवा पाखरावानी चढते. दुपारी वापस येतो तवा उभी. तुमी मले सांगा, चढ सकाळी लहान असते का?"

मी म्हणालो, मी येतो आणि स्वतः पाहतो. या वेळी पायजमा नव्हता, खाकी चड्डी होती. आम्ही बाभुळगावपर्यंत नीट गेलो. पुढचे बारीकसारीक चढ पार केले. नाल्याच्या चढावर जीपनं आवाज चढवला आणि थांबली. मी उडी मारून खाली उतरलो आणि गुडघाभर चिखलात उभं राहून चाकांकडं पाहिलं.

चाकं उभी होती. चारही. नवी नक्षी चिखलात छान उमटली होती.

म्हणजे क्लच. मी हे मोठ्यानं म्हणालो नाही, पण माझा चेहरा पाटलांनी वाचला. त्यांनी कादरकडं पाहिलं. कादर स्टीअरिंग धरून समोर पाहत राहिला.

"पाटील, थांबा," मी म्हणालो. "हा क्लच माझ्या शेडमध्ये पास झाला आहे."

"मंग अठी काहून नापास हून राह्यला?"

मी जीपखाली गेलो. क्लच ज्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, घुमटात असतो, त्याच्या बुडाच्या भोकातून काहीतरी गरम टपटपत माझ्या बाहीवर पडलं. गिअरचं तेल असेल म्हणून मी पुसलं. तेवढ्यात पाऊस वाढला. सगळे जीपमध्ये बसून राहिलो. बऱ्याच वेळानं पाटील वैतागून म्हणाले, "पाहा बरं एक डाव," आणि जीप काहीच न झाल्यासारखी चढ चढून गेली.

गाव आलं तेव्हा मी अजून बाही पुसत होतो. पाटील म्हणाले, "मी साधा मानूस. मले मशीन समजत नाई. पन पोळ्यापर्यंत ही गाडी बरोबर चालत होती न? मंग बिघडवली कोनं? तुमी उद्या खोला. क्लच झिजला असंल त मले सांगा. मंग मी अन् हा कादर आमचं आमी पाहून घेऊ."

जीप पुन्हा माझ्या शेडमध्ये आणून लावली आणि मी घरी आलो. सदरा काढून खुंटीला टांगत होतो तर सौ. मागून आली, बाहीजवळ नाक नेलं आणि विचारलं, "कुठी जेवून आले तुमी?"

"जेवतो कुठला? सकाळच्या डब्यावर आहे."

"मंग तुपाचा वास कायचा? तूप अन् हळद. कोनाच्या घरची हळद होती, चतुर्मासात?"

मी तपकीर ओढणारा माणूस. माझं नाक नावापुरतं. मी बाही नाकाशी धरली तर मला फक्त तपकीर आली. पण सौ.चं नाक चुकत नाही. शेजारच्या घरी कोणती भाजी लागली हे ती इथून सांगते. मी बाही उजेडात धरली. डाग पिवळा होता. तेलाचा डाग काळा असतो.

"तूप नाही, गाडीचं तेल आहे ते," मी म्हणालो.

"मले शिकवता तूप कोनतं त?" ती म्हणाली आणि ताट वाढायला गेली. ताटात तूप वाढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गिअरबॉक्स खाली उतरवला. कादर पाने देत होता. दोनदा त्यानं भलताच पाना दिला. किसना शेडच्या खांबाला टेकून बसला होता. पाटील बाजारात कुणाला तरी भेटायला गेले होते, तासाभरात येतो म्हणाले होते.

घुमटाच्या कडेला एक भोक असतं, क्लचचा काटा तिथून बाहेर येतो. त्यावर रबराची टोपी हवी. या जीपची टोपी मिलिटरीतच कुठं तरी राहिली असावी. तर त्या भोकात एक पान खोचलेलं होतं. घडी घालून, नीट, गच्च. मी ते ओढून काढलं, उलगडलं. पळसाचं पान.

मी कादरकडं पाहिलं, कादरनं माझ्याकडं. जीपमध्ये उंदरांची घरटी मी पाहिली आहेत, एकदा विंचूही निघाला होता. पण घडी घातलेलं पान कोणता प्राणी खोचतो?

मग मी चकती काढली. ती झिजलेली नव्हती. जाडीला चांगली होती. पण दोन्ही अंगांनी पिवळी, चिकट, आणि दाबाच्या तव्यावर पिवळे थिजलेले ओघळ. मी ट्रेमध्ये पेट्रोल ओतून ती धुवायला घेतली तर पेट्रोल आमटीसारखं पिवळं झालं.

"हे काय आहे?" मी कादरला विचारलं.

"मले काय माहीत, भाऊ? मी त पाह्यलंच नाई कधी असं."

खांबाकडून आवाज आला, "खांद शेकली होती जी तिची."

किसना उठून उभा राहिला होता. हात जोडलेले नव्हते, भीती नव्हती. कुणी विचारलं म्हणून तो सांगत होता.

ज्यांच्या घरी बैल नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुऊन आणतात आणि त्यांची खांद शेकतात. वर्षभर जिथं जू बसतं त्या खांद्याला तूप आणि हळद गरम करून पळसाच्या पानानं लावतात. आणि बैलाला आवतण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे प्रत्येक गोठ्यात होतं. किसनाच्या गोठ्यात यंदा काही उभं नव्हतं. जीप होती.

"साऱ्यायच्या घरी शेकून राह्यले होते," किसना म्हणाला. "म्या म्हनलं, इनं बी त वर्सभर मालकाले वढलं. हिले कोन शेकंल? म्हनून शेकली. आवतन बी देल्लं. धूळ जाऊ नये म्हनून पान लावून ठेवलं."

"पन तिथंच काहून?" कादर ओरडला. "साऱ्या गाडीत तुले तेच भोक दिसलं?"

"म्या त इचारूनच केलं."

"कोनाले इचारलं?"

"तुलेच. म्या म्हनलं, कादर, बैलाले जू बसते तशी इची खांद कुठी हाये? तू वाकून दाखवलं. म्हनला, इंजिन इकडं, चाकं तिकडं, मधात हे. सारं वढनं इथूनच होते."

कादर जीपच्या मडगार्डवर बसला. "होये," तो माझ्याकडं न पाहता म्हणाला. "इचारलं होतं. मले वाटलं, याले गाडी शिकाची हाये."

मीही खाली बसलो. कारण सगळं जुळत होतं. कादरनं सांगितलं ते बरोबर होतं. ओढणं तिथूनच होतं. किसनानं ऐकलं तेही बरोबर होतं. गार असताना तूप थिजून चकती धरून ठेवायचं, म्हणून सकाळी गाडी चढायची आणि माझ्या शेडमध्ये गार झाल्यावर क्लच पास. चढावर तापलं की तूप पातळ, आणि भाकर तव्यावरून सटकली. गाडी उभी राहून गार झाली की पुन्हा पास. इतके दिवस मी जे जे खोललं, ते सगळं ठीकच होतं.

"मालकाले काय सांगाचं?" कादरनं विचारलं. आता त्याच्या आवाजात स्वतःची काळजी कमी होती. तो किसनाकडं पाहत होता. म्हाताऱ्याला जीप धुण्यापलीकडं काम नव्हतं, आणि तेवढंही गेलं तर पाटलांना त्याला ठेवायचं कारण उरत नव्हतं.

"सांगू, सील गेलं म्हणून," मी म्हणालो. "इंजिनाचं तेल गळतं, क्लचवर जातं. होतं असं. कुणाचा दोष नाही." आणि किसनाला म्हणालो, "बाबा, तुम्ही काही बोलू नका."

"मी कायले बोलू?" किसना म्हणाला. पण त्याला कळलं होतं का, याची मला खात्री नव्हती.

पाटील आले. मी उभा राहिलो. मला खोटं बोलायचा सराव नाही असं नाही, पण मेकॅनिकचं खोटं ठरावीक असतं. हे नवं होतं. "पाटील, क्लच झिजलेला नाही. ड्रायव्हरचा दोष नाही. सील गेलं होतं, तेल..."

पाटील माझं ऐकत नव्हते. ते ट्रेजवळ वाकले होते. त्यांनी एक बोट पिवळ्या चिकट्यावर फिरवलं, अंगठ्यानं चोळलं. जमिनीवर पळसाचं पान पडलं होतं, त्याकडं पाहिलं. मी सील हा शब्द आणखी एकदा म्हणालो, हळू.

पाटील ताठ झाले आणि किसनाकडं वळले.

"कोनाले अगुदर लावलं?" त्यांनी विचारलं. "उजव्याले का डाव्याले?"

पाटलांच्या घरी जोडीतल्या उजव्या बैलाला आधी लावायची रीत होती, हे मला नंतर कळलं.

"हिले एकच खांद हाये, मालक," किसना म्हणाला.

पाटील शेडच्या दारापर्यंत गेले. आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. रस्त्यानं एक रिकामी बैलगाडी चालली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी पाहिली. मग वळून थेट कादरपाशी आले.

"अन् तू. क्लचवर पाय ठेवत जाऊ नको."

"नाई ठेवत, मालक."

"नाई ठेवत हे समजलं मले. तरी बी ठेवू नको."

एवढे दिवस आरडाओरडा केल्यावर माणसाला काहीतरी शेवटचं बोलावं लागतं, ते त्यांनी बोलून घेतलं. कादरनं मान डोलावली आणि पाना उचलला. पाटील मग माझ्याकडं वळले. मी चकतीत डोकं घातलं.

"मिस्त्री. टायर?"

"टायर चांगले आहेत, पाटील."

"होये," ते म्हणाले. "टायर चांगले हायेत."

चकतीत तूप मुरलं होतं. तिचं अस्तर काढून नवं रिव्हेट मारून बसवलं, तवे घासून पुसून घेतले, भोकाला रबराची टोपी लावली. संध्याकाळच्या आत जीप तापवून तापवून परीक्षा घेतली. दर वेळी इंजिन धाडकन बंद पडलं. पाटील पुढं बसले, कादर चालवायला. किसना मागं. ते तिघे गेले.

घरी जाऊन मी सौ.ला सगळी हकिकत सांगितली. सांगताना मी चांगलाच रंगात आलो होतो. पळसाचं पान, पिवळं पेट्रोल, एकच खांद, पाटलांची टोपी. तिच्या नाकाचीही तारीफ केली, कारण ताटात तूप पुन्हा सुरू व्हायला हवं होतं. ती हसेल म्हणून मी थांबलो. ती हसली नाही. हातातलं निवडणं बाजूला ठेवून तिनं विचारलं,

"मंग पुढल्या पोळ्याले त्यानं कुठी लावाचं, ते सांगतलं का कोनी त्याले? का तुमी साऱ्यायनं नुसतं पुसूनच टाकलं?"